देवघेवीच्या टेबलावरचे प्रश्न

तालुक्याच्या गावातल्या सार्वजनिक वाचनालयात मी ग्रंथपाल आहे. वाचनालयाची वेबसाइट करायची असं कार्यकारी मंडळानं ठरवलं, तेव्हा मी एक कोरा कागद घेतला आणि तासाभरात आराखडा लिहून काढला. पहिल्या पानावर इमारतीचा फोटो, त्याखाली अध्यक्षांचं मनोगत, मग संस्थेचा इतिहास, कार्यकारी मंडळ, विभाग, उपक्रम, छायाचित्रं आणि शेवटी संपर्क. आमचा वार्षिक अहवाल ज्या क्रमानं छापला जातो, तोच क्रम. माझा भाचा पुण्यात वेबसाइटचीच कामं करतो. दसऱ्याला तो घरी आला होता. त्याला कागद दाखवला. त्यानं तो दोनदा वाचला आणि विचारलं, "मावशी, हे सगळं कोणाला हवंय?"

त्या प्रश्नावरून आमचं जे बोलणं झालं, ते दसऱ्याला सुरू झालं आणि दिवाळीच्या तोंडावर कुठे संपलं. ते जसं झालं तसं इथे मांडते आहे, कारण हा प्रश्न आमच्या एका वाचनालयापुरता नाही.

मी : कोणाला हवंय म्हणजे? वेबसाइट ही संस्थेची ओळख. आमच्या आधीच्या पिढ्यांनी दारोदार हिंडून पुस्तकं जमवली. कुणी जागा दिली, कुणी कपाटं दिली. त्यांचं नाव पहिल्या पानावर नको? इमारतीच्या दारावर पाटी असतेच ना?

भाचा : असते. पण ती दारावर असते, दारात आडवी नसते. सवड असलेला थांबून वाचतो, घाईतला तिच्याखालून आत जातो. तुझ्या आराखड्यात 'आज वाचनालय किती वाजेपर्यंत उघडं आहे' एवढं कळायलाही मनोगत, इतिहास, मंडळ असं सगळं ओलांडून 'संपर्क'पर्यंत जावं लागतं. संध्याकाळी सातला बसमधून उतरून धावत येणारा माणूस एवढं करेल?

मी : नाही करणार. फोन करेल.

भाचा : आणि फोन तूच उचलशील. मग वेबसाइटनं काय काम केलं? मला विचारशील तर वर एक मोठी सर्चची चौकट आणि खाली चार-पाच बटणं, एवढं पुरे. लोक मोबाइलवर बघतात. तळहाताएवढ्या पडद्यावर आठ विभाग आणि त्यांचे पोटविभाग कोण उघडत बसणार? ज्याला जे हवं ते तो टाइप करेल.

मी : इथे मात्र मी तुझं ऐकणार नाही. टाइप करण्यावर तुझा फार भरवसा आहे. आमच्या संगणकात पुस्तकांची नोंद आहे, त्यात सर्चही आहे. मागच्याच आठवड्यात एका मुलीनं 'रणांगण' शोधलं. घाईत 'ण'च्या जागी 'न' पडला. पडद्यावर आलं : शून्य नोंदी. विश्राम बेडेकरांच्या त्या कादंबरीच्या दोन प्रती तिच्यापासून दहा पावलांवर होत्या, आणि ती परत निघाली होती. मी हाक मारली म्हणून थांबली. वेबसाइटवर हाक कोण मारणार?

भाचा : चुकीचं अक्षर पडलं तर जवळचा शब्द सुचवता येतो. ते अवघड नाही.

मी : अक्षराचं एकवेळ होईल. नावांचं काय? 'विशाखा' कुसुमाग्रजांची आणि 'नटसम्राट' वि. वा. शिरवाडकरांचं. माणूस एक, पण मुखपृष्ठांवर नावं दोन. ग्रेस शोधणाऱ्याला माणिक गोडघाटे माहीत असतीलच असं नाही. केशवसुत म्हणजे कृष्णाजी केशव दामले, ठणठणपाळ म्हणजे जयवंत दळवी. पु. ल. देशपांडे तर लोक किती तऱ्हांनी लिहितात! कुणी टिंबं देऊन, कुणी 'पुल' असं जोडून, तर कुणी रोमन अक्षरांत. शिवाय १९६२च्या शुद्धलेखन नियमांच्या आधी छापलेल्या पुस्तकांच्या नावांवर ते जुने अनुस्वार आहेतच. नोंद करणाऱ्यानं ती मुखपृष्ठाबरहुकूम केली आणि शोधणारा आजच्या लेखनानं शोधतोय. दोघंही बरोबर, तरी गाठ पडत नाही.

भाचा : हे तू हाताने कसं सांभाळायचीस?

मी : कार्डांवर. कॅटलॉगच्या ड्रॉवरमध्ये 'शिरवाडकर' उघडलंस तर एक कार्ड म्हणायचं, 'कुसुमाग्रज हेही पाहा'. 'कुसुमाग्रज' उघडलंस तर दुसरं म्हणायचं, 'शिरवाडकर हेही पाहा'. वाचकानं कुठल्याही नावानं यावं, त्याला रस्ता सापडला पाहिजे. अशी शेकडो कार्डं मी स्वतः लिहिली आहेत.

भाचा : ती अजून आहेत?

मी : आहेत. संगणक आल्यावर ड्रॉवर मागच्या खोलीत गेले, कार्डं तशीच आहेत.

भाचा : मग ती मला दे. एका लेखकाची सगळी नावं एकत्र बांधणारी अशी यादी विकत मिळत नाही. ती असली की मी म्हणतो तो सर्च खरा काम करेल. पण मावशी, यातून माझंच म्हणणं सिद्ध होतंय. सर्च चांगला केला की विभागांची गरज उरत नाही.

मी : उरते. काय हवंय ते ज्याला ठाऊक आहे तोच शोधू शकतो. आमच्याकडे सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न माहितेय? "काहीतरी छान वाचायला द्या." हे सर्चमध्ये कसं टाइप करायचं? आमच्याकडे वाचकांची सर्वात जास्त गर्दी कुठे होते? कपाटांपाशी नाही. नुकती परत आलेली पुस्तकं ज्या टेबलावर ठेवतो, तिथे. दुसऱ्या कुणी नुकतंच वाचलेलं पुस्तक हातात घ्यायला लोकांना आवडतं. न शोधता सापडणं हेही वाचनालयाचंच काम आहे.

भाचा : हे मान्य. परतीचं टेबल वेबसाइटवर हवं. 'नुकतीच परत आलेली पुस्तकं' असं एक पान, रोज आपोआप बदलणारं. वाचकाचं नाव नको, फक्त पुस्तकांची नावं. पण बाकीच्या हजारो पुस्तकांची मांडणी कशी करणार? ड्यूईच्या क्रमांकांनी?

मी : ते मी माझ्या वाचकांच्या माथी कधीच मारणार नाही. मेल्विल ड्यूईनं १८७६ साली ज्ञानाचे दहा भाग पाडले. आठशेवर साहित्य. त्यात इंग्रजी साहित्याला ८२० हा अख्खा विभाग, आणि मराठी साहित्याला ८९१.४६. म्हणजे हिंदी, बंगाली, फारसी, रशियन, आयरिश या सगळ्यांबरोबर ८९१च्या एका खोलीत. आमच्याकडची बहुतेक पुस्तकं मराठी साहित्याची. सगळी एकाच क्रमांकाच्या पोटात गेली तर त्या क्रमांकाचा उपयोग काय? म्हणून आमच्या कपाटांवर कादंबरी, कथा, कविता, नाटक, चरित्र, प्रवासवर्णन, धार्मिक, बालसाहित्य अशा पट्ट्या आहेत. ड्यूईची पद्धत मोठी आहे, पण ती ज्या वाचकाला समोर ठेवून झाली तो आमचा वाचक नव्हे.

भाचा : हे तू आत्ता जे बोललीस ना, तेच मी मघापासून तुझ्या आराखड्याबद्दल म्हणतोय. तो कार्यकारी मंडळाच्या डोळ्यांसमोरचा क्रम आहे, वाचकाच्या नव्हे.

मी गप्प झाले. पुस्तकांच्या बाबतीत वाचकाचं जे भान माझं इतक्या वर्षांत कधी चुकूनही सुटलं नव्हतं, ते संस्थेबद्दल लिहिताना पहिल्याच ओळीत सुटलं होतं.

मी : बरं. मग वाचकांप्रमाणे दारं करू. विद्यार्थी, पालक, ज्येष्ठ नागरिक, संशोधक. ज्यानं त्यानं आपल्या दारानं यावं.

भाचा : पुष्कळ ठिकाणी असंच करतात, आणि तिथेच माणूस अडकतो. दर शनिवारी नातवासाठी पुस्तकं न्यायला येणाऱ्या आजी कुठल्या दारानं येणार? ज्येष्ठ की पालक? त्यांना बालविभाग हवाय. स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारा मुलगा रात्री झोपण्यापूर्वी कादंबरी वाचतो, तेव्हा तो विद्यार्थी की वाचक? एकाच माणसात तीन-तीन माणसं असतात. 'तू कोण आहेस' असं दारात विचारू नये. 'तुला काय करायचंय' एवढंच विचारावं.

मी : पण पुस्तकाच्या बाबतीतही एकच दार पुरत नाही. एकाला लेखक ठाऊक असतो, दुसऱ्याला विषय, तिसऱ्याला एवढंच आठवतं की गोष्ट कोकणातली होती.

भाचा : त्याला आमच्याकडे चाळणी म्हणतात. कपड्यांच्या ऑनलाइन दुकानात रंग, माप, किंमत वेगवेगळी निवडता येते. कुठूनही सुरुवात करा, कपडा तोच सापडतो.

मी : चाळणी! अरे, हे तर आमच्या रंगनाथनांचं. शियाळी रामामृत रंगनाथन. गणिताचे प्राध्यापक, १९२४मध्ये मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि शिकायला लंडनला गेले. तिथल्या एका दुकानात त्यांनी मेकॅनोचा खेळ पाहिला. पट्ट्या, चाकं, स्क्रू तेच, जोडणी बदलली की नवं खेळणं. त्यावरून त्यांच्या मनात आलं की विषयांची आधीच ठरवलेली भलीमोठी यादी करण्यापेक्षा विषयाचे सुटे पैलू ठरवावेत आणि लागतील तसे जोडावेत. १९३३मध्ये त्यांची द्विबिंदू वर्गीकरण पद्धत आली. समज, 'विदर्भातल्या कापसावरची कीड, १९७० नंतर' असा विषय आहे. त्यात पीक वेगळं, त्याला लागलेली कीड वेगळी, प्रदेश वेगळा, काळ वेगळा. ज्याला जो धागा ठाऊक, त्यानं तो धरून यावं.

भाचा : हे मला कॉलेजात कुणी शिकवलं नाही. एवढं मात्र वाचलं होतं की वेबसाइटच्या मांडणीवरचं आमच्या क्षेत्रातलं गाजलेलं पुस्तक १९९८मध्ये आलं, आणि ते लिहिणारे लुई रोझेनफेल्ड आणि पीटर मोरव्हिल दोघंही ग्रंथालयशास्त्र शिकलेले. तेव्हा नवल वाटलं होतं. आता वाटत नाही.

मी : रंगनाथनांचे १९३१चे पाच नियम आम्हाला पाठ असतात. त्यातला चौथा वाचकाच्या वेळेबद्दलचा आहे : तो वाया जाता कामा नये. मनोगत ओलांडून वेळापत्रकाकडे जायला लावणारा माझा आराखडा त्या नियमात बसत नाही.

भाचा : मग तो बाजूला ठेव आणि माझंही बाजूला ठेव. तू तुझ्या सवयीनं बोलतेस, मी माझ्या. आजपासून दिवाळीपर्यंत देवघेवीच्या टेबलावर जो जे विचारेल ते लिहून ठेव. शब्द त्यांचेच. शुद्ध करू नकोस, सारांश काढू नकोस. फोनवर विचारलेलंही लिही.

मी : कशावर लिहू?

भाचा : तुझ्या जुन्या कार्डांवर. मागची बाजू कोरीच असेल.

---

दिवाळीच्या आधी तो पुन्हा आला, तेव्हा कार्डांचा चांगला जाड गठ्ठा झाला होता. पाच इंच बाय तीन इंचाची कार्डं, खाली सळई ओवायचं भोक, पुढच्या बाजूला माझ्या तरुणपणच्या अक्षरातली लेखकांची नावं आणि मागे वाचकांचे प्रश्न. वाचनालय बंद झाल्यावर आम्ही ती वाचनकक्षातल्या मोठ्या टेबलावर पसरली. नेहमीच्या चार सभासदांना थांबवून घेतलं : अभ्यासिकेतला एक मुलगा, बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ, नातवासाठी येणाऱ्या त्या आजी आणि नववीतली एक मुलगी. त्यांना एवढंच सांगितलं की जी कार्डं एकत्र ठेवावीशी वाटतील ती एकत्र ठेवा, आणि प्रत्येक ढिगाला तुम्हाला सुचेल ते नाव द्या. आम्ही दोघांनी बोलायचं नाही असं ठरलं होतं.

"आज उघडं आहे का?" "उद्या सुट्टी आहे का?" "अनामत किती?" "वर्गणी तीन महिन्यांची एकदम भरली तर चालेल का?" "अभ्यासिकेत जागा आहे का?" "अभ्यासिकेत डबा खाल्ला तर चालतो का?" "दिवाळी अंक आले का?" "अंकांच्या योजनेचे पैसे कधी भरायचे?" "पुस्तकाची मुदत वाढवून द्याल?" "पुस्तक हरवलं तर काय?"

अध्यक्षांचं मनोगत एकाही कार्डावर नव्हतं.

भाचा : ढिगांची नावं बघ. 'पुस्तक शोधायचं', 'वेळ आणि वर्गणी', 'अभ्यासिका', 'मुलांचं', 'दिवाळी अंक', 'मुदत, दंड'. तुझ्या आराखड्यात यांतला एक तरी शब्द होता का? तिथे 'विभाग' आणि 'उपक्रम' होते.

मी : तुझ्या बटणांवर 'सेवा' होतं. मघाशी बँकेतल्या काकांना तू करून आणलेला नमुना मोबाइलवर दाखवला आणि मुदत कशी वाढवायची ते शोधायला सांगितलं, तेव्हा काय झालं ते पाहिलंस ना? त्यांचं बोट 'सेवा'वर थांबलं, मागे आलं, पुन्हा थांबलं. "सेवा म्हणजे आम्ही करायची की तुम्ही देणार?" असं त्यांनी मनापासून विचारलं.

भाचा : पाहिलं. मी तो शब्द काढतो. त्यांना तिथवर जायला किती वेळा दाबावं लागलं याचं मला काही वाटलं नाही, बोट थांबलं त्याचं वाटलं. माणूस पाच वेळाही दाबेल, पण दर पावलाला माग लागला पाहिजे. शब्दच पोकळ असला की पहिल्या पायरीवरच माणूस हरवतो.

मी : गूगलवरून थेट आतल्या पानावर उतरलेल्याचं काय? तू म्हणाला होतास, बहुतेक जण तसेच येतात.

भाचा : म्हणून प्रत्येक पानानं सांगायला हवं की हे कुठलं वाचनालय, तुम्ही कुठल्या विभागात आहात आणि इथून पुढे कुठे जाता येईल.

मी : म्हणजे पाटी फक्त दारावर लावून भागत नाही, प्रत्येक कपाटावर पट्टी हवी. ते आम्ही करतोच.

भाचा : आणि सूचना फोटोच्या रूपात टाकायच्या नाहीत. फळ्यावरच्या नोटिशीचा फोटो काढला की मंडळाला वाटतं काम झालं. पण त्यातली अक्षरं सर्चला दिसत नाहीत, पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला ती वाचता येत नाहीत, मोबाइलवर मोठी केली की फाटतात. अंध वाचकासाठी ती नोटीस नसल्यातच जमा. सूचना युनिकोडमध्ये टाइपच करायला हवी. तुमच्या जुन्या फॉण्टमधल्या पुस्तकनोंदीही आधी युनिकोडमध्ये आणाव्या लागतील, नाहीतर सर्चला त्या निव्वळ इंग्रजी अक्षरांचा गोंधळ दिसतील.

मी : टाइप करेन. पण वेळापत्रक बदललं, सुट्टी लागली, वर्गणी वाढली, तर ते बदलायचं कोणी? तू पुण्यात असशील.

भाचा : प्रत्येक पानाला एक मालक हवा. ज्या पानाला मालक नाही, ते करायचंच नाही. पन्नास पानांतली वीस शिळी असण्यापेक्षा दहा ताजी बरी. शिळ्या वेळापत्रकावर विसंबून एकदा माणूस बंद दाराशी आला की तो पुन्हा वेबसाइट उघडत नाही.

मी : हे पटलं. एका गोष्टीवर मात्र मी अडून बसणार. दिवाळी अंक पहिल्या पानावर, अगदी वर हवेत. गठ्ठ्यातली सगळ्यात जास्त कार्डं त्यांचीच आहेत. काशिनाथ रघुनाथ मित्रांनी १९०९मध्ये 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी वाचकाचं वर्ष या दिवसांत फुलतं.

भाचा : आणि मार्चमध्ये? तेव्हा तीच जागा परीक्षेच्या पुस्तकांना देशील, मे महिन्यात मुलांच्या शिबिराला. दर वेळी गोष्टी हलवल्या तर सवयीचा वाचक बावचळतो. गेल्या खेपेला जिथे होतं तिथेच त्याचं बोट जातं.

मी : मी कपाटं हलवा म्हणतच नाही. आमच्याकडे कपाटं वर्षानुवर्षं जागच्या जागी असतात. दाराजवळ एक टेबल असतं, त्यावर त्या त्या दिवसांतलं मांडतो. अंकांना नियतकालिकांत आपलं कपाट आहेच. पण या महिन्यात त्यांनी टेबलावरही यावं.

भाचा : म्हणजे मेन्यू बारा महिने तोच, आणि पहिल्या पानावर एक टेबल, ऋतूप्रमाणे बदलणारं. हे मला सुचलं नव्हतं. घेतो.

ढीग लागले, नावं पडली, सभासद घरी गेले. टेबलावर एक कार्ड तेवढं उरलं होतं. चौघांनीही ते आळीपाळीनं उचललं होतं आणि कुठल्याच ढिगात न ठेवता परत खाली ठेवलं होतं. ते मीच लिहिलं होतं. लातूरहून एका बाईंचा फोन आला होता. त्यांनी विचारलं होतं, "आमच्या आजोबांनी तुमच्याकडे पुस्तकं दिली होती म्हणतात. अजून आहेत का?"

भाचा : हे कुठे बसतं? 'पुस्तक शोधायचं' म्हणावं, तर त्यांना एकाही पुस्तकाचं नाव माहीत नाही.

मी : त्यांना आजोबांचं नाव माहीत आहे.

भाचा : देणगीदाराच्या नावानं शोधता येईल अशी नोंद तुझ्याकडे आहे?

मी : दाखल नोंदवहीत प्रत्येक पुस्तकापुढे ते कुठून आलं ते लिहिलेलं असतं. विकत घेतलं तर विक्रेत्याचं नाव, भेट आलं तर देणाऱ्याचं. पहिल्या वहीपासून. संगणकात भरताना तो रकाना आम्ही सोडून दिला होता, वाचकाला त्याचा काय उपयोग असं वाटून.

भाचा : मावशी, पहिल्या दिवशी तू म्हणाली होतीस की ज्यांनी पुस्तकं दिली त्यांचं नाव दारावर हवं. मी म्हणालो, ते कोणाला हवंय. या बाईंना हवंय. तू ते संस्थेच्या इतिहासाच्या परिच्छेदात ठेवणार होतीस, त्यांना ते तिथे सापडलं नसतं. शोधायच्या चाळणीत ठेवू : लेखक, विषय, प्रकार, आणि 'कोणी दिलं'. प्रत्येक पुस्तकाच्या नोंदीखाली देणाऱ्याचं नाव. ज्याला इतिहास वाचायचा आहे त्याला त्या नावावरून इतिहासाकडे जाता येईल.

मी : म्हणजे देणाऱ्यांची पाटी पहिल्या पानावर नको. त्यांनी दिलेल्या प्रत्येक पुस्तकावर हवी.

मी मागच्या खोलीत गेले आणि पहिली दाखल नोंदवही काढून आणली. कापडी पाठ सुटायला आलेली, शाई तपकिरी झालेली, रकाने हातानं आखलेले. भाच्यानं लॅपटॉप उघडला आणि नोंदींच्या तक्त्यात एक नवा रकाना वाढवला. मी पहिल्या पानावर बोट ठेवून वाचू लागले, तो टाइप करत गेला. पहिल्या ओळीतलं पुस्तक आता आमच्याकडे नाही, दुसरं आहे. तिसऱ्या ओळीपासून पुढे ओळीनं सतरा पुस्तकांपुढे एकच नाव होतं. लातूरच्या बाईंनी फोनवर सांगितलेलं.